एकाला आत घेतलं म्हणजे दार उघडलं असं नाही

1433 सालचा नववा चांद्रमास. जोसॉन राज्याचा, म्हणजे तेव्हाच्या कोरियाचा, राजा सेजोंग आपल्या दोन ज्येष्ठ मंत्र्यांपुढे, ह्वांग हुई आणि मेंग सासॉंग यांच्यापुढे, एक प्रस्ताव ठेवतो. जांग यॉंगशिल नावाच्या कारागिराने स्वतःहून टोले देणारं जलघड्याळ तयार केलं आहे, त्याला 'होगुन' हा हुद्दा द्यावा का? प्रस्ताव मांडताना राजा सुरुवात घड्याळापासून करत नाही, माणसाच्या जन्मापासून करतो. याचा बाप मूळचा चीनच्या युआन राज्यातल्या सुजौ-हांगजौ भागातला, आई गीसेंग, म्हणजे सरकारी दफ्तरात नोंद असलेली नाचगाणं करणारी स्त्री. हस्तकौशल्य असामान्य. माझ्या वडिलांनी याला सांभाळलं, मलाही हा प्रिय आहे.

मंत्री म्हणतात, हरकत नाही. प्याँगयांगच्या किम इन नावाच्या सरकारी गुलामाला तुमच्या वडिलांनी शौर्य पाहून होगुन केलंच होतं, आणखीही काही जणांना केलं, मग यॉंगशिललाच का नको? राजाने ऐकलं. हुद्दा मिळाला.

दक्षिण कोरियात आज जांग यॉंगशिल हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 1983 पासून चलनात आलेल्या दहा हजार वॉनच्या नोटेवर सेजोंगच्या शेजारी त्याचं घड्याळ होतं. 1991 पासून उद्योगातल्या नव्या उत्पादनांना त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो, वर्षाचे 52 आठवडे, दर आठवड्याला एक. त्याच्यावर मालिका आणि चित्रपट निघाले, त्यामुळे कोरियन मालिका रात्र रात्र जागून बघणाऱ्या मराठी प्रेक्षकालाही तो परका राहिलेला नाही. या सगळ्याचा मथळा एकच: गुलामाच्या पोटी जन्मला आणि गुणांच्या जोरावर दरबारात पोचला. म्हणजे व्यवस्था कितीही बंद असो, गुण असले की वाट मिळतेच.

हा मथळा चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. त्यातली प्रत्येक घटना खरी आहे, काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा. यॉंगशिलचं दफ्तर नीट वाचलं तर वाट कशी बंद ठेवली जाते, अधूनमधून एखाद्यापुरती कशी किलकिली होते आणि आत आलेल्याला बाहेर काढायला किती कमी कष्ट पडतात, हे त्यात पायरी-पायरीने दिसतं.

आधी कुळाचं बघू. राजाच्या तोंडची हकीकत वर आलीच: बाप परदेशी, आई गीसेंग. आसानच्या जांग घराण्याची वंशावळ मात्र वेगळं सांगते. तिच्यानुसार मूळ पुरुष सोंग चीनमधून फार पूर्वी आलेला, यॉंगशिल त्याच्या नवव्या पिढीतला, आणि बाप जांग सॉंगह्वी हा जोसॉनच्या आधीच्या कोऱ्यो राजवटीत वरच्या हुद्द्यावरचा अधिकारी. दोन्ही एकाच वेळी खरं असणं अवघड आहे. दरबारी वृत्तांत, म्हणजे सिलोक, हा राजाच्या मृत्यूनंतर त्या त्या दिवसाच्या टिपणांवरून रचला जाई. वंशावळी नंतरच्या पिढ्यांनी छापल्या, आणि आपल्या घराण्यात एक प्रसिद्ध माणूस आहे हे कळल्यावर त्याच्या बापाला साधा परदेशी कोण ठेवणार? मी सिलोकच्या बाजूने आहे. पण बाप कोणीही धरला तरी पुढच्या गोष्टीत फरक पडत नाही, कारण त्या समाजात या मुलाचं भवितव्य बापाने ठरणारच नव्हतं.

ते आईने ठरत होतं. नोबी, म्हणजे गुलाम, हा दर्जा आईकडून मुलाकडे येई. आई दोंगने कचेरीची गीसेंग, म्हणून मुलगा दोंगने कचेरीचा सरकारी गुलाम. (दोंगने आता बुसान शहरात आहे.) हा नियम काही दगडावरची रेघ नव्हता. सेजोंगच्या वडिलांनी, तेजोंगने, 1414 मध्ये तो बदलला होता: यापुढे गुलाम स्त्रीला स्वतंत्र पुरुषापासून झालेलं मूल बापाच्या दर्जाचं मानावं. कारण दयेचं नव्हतं. कर आणि लष्करी चाकरी देणारी स्वतंत्र माणसं राज्याला कमी पडत होती. हा कायदा 18 वर्षं चालला. मालकवर्गाची तक्रार अशी की गुलाम बायका खऱ्या-खोट्या स्वतंत्र बापांची नावं सांगतात आणि आमची मालमत्ता कमी होते. 1432 मध्ये तो कायदा गुंडाळला गेला. अधिकाऱ्यांना गुलाम उपस्त्रियांपासून झालेल्या मुलांसाठी सवलती ठेवल्या, बाकीच्यांसाठी पुन्हा आईचा दर्जा.

कोणी गुंडाळला? सेजोंगनेच. 1432 मध्ये त्याने हा निर्णय घेतला आणि 1433 मध्ये यॉंगशिलला होगुन केलं. गीसेंगच्या एका मुलाला हुद्दा देणारा हात आणि गुलाम आयांच्या यापुढच्या मुलांना पुन्हा गुलामीत ढकलणारा हात एकच आहे, मध्ये जेमतेम दीड वर्ष. कोरियन पाठ्यपुस्तकं, मालिका, पुरस्कार समारंभातली भाषणं, सगळीकडे 1433 सापडतं. 1432 शोधावं लागतं.

आता हुद्द्यांचं. दरबारात शिरायच्या दोन नेहमीच्या वाटा होत्या. एक परीक्षेची, ग्वागॉ. मुलकी परीक्षा दर तीन वर्षांनी, शेवटच्या फेरीत 33 जण निवडले जात. अर्जासोबत चार पूर्वजांची नावं आणि हुद्दे लिहून द्यावे लागत: वडील, आजोबा, पणजोबा आणि आईचे वडील. या चौथ्या नावावर बरेच जण अडकत. गुलामांना परीक्षा बंदच होती. उपस्त्रीच्या मुलांना पुढे 1485 च्या संहितेने मुलकी परीक्षेतून वगळलं. दुसरी वाट वारशाची: वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांना-नातवांना परीक्षेशिवाय नेमणूक. यॉंगशिलसाठी दोन्ही वाटा बंद. त्याने आयुष्यात एकही परीक्षा दिली नाही, तरी परीक्षार्थींना स्फूर्ती देण्यासाठी त्याचंच नाव घेतलं जातं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

त्याच्यासाठी तिसरी वाट होती ती राजाच्या मर्जीची. साधारण 1422-23 मध्ये सेजोंगला त्याला सांगुइवॉन या खात्यात 'ब्यॉलज्वा' म्हणून नेमायचं होतं. हे खातं राजाची वस्त्रं आणि खासगी चीजवस्तू बनवणारं. प्रशासनमंत्री हॉ जो याने नकार दिला: गीसेंगच्या पोराला सांगुइवॉनमध्ये घेता येणार नाही. युद्धमंत्री जो मालसेंग म्हणाला, उलट असलीच माणसं तिथे जास्त शोभतात. दुसरं वाक्य पाठिंब्याचं म्हणून उद्धृत केलं जातं. मला ते पहिल्यापेक्षा बोचरं वाटतं. हॉ जो त्याला खात्याच्या खालचा समजतो, जो मालसेंग खात्यालाच त्याच्या पातळीचं समजतो. दोघांचं जुळलं नाही, राजा मागे हटला, इतर मंत्र्यांना विचारलं, त्यांनी हो म्हटल्यावर नेमणूक झाली. सर्वसत्ताधीश राजाला एका कारागिराच्या पाचव्या श्रेणीच्या जागेसाठी दोन फेऱ्या घालाव्या लागल्या. नंतरच्या संहितेत ब्यॉलज्वा हे पद वेतन नसलेल्या पदांत मोडतं, हेही जाता जाता.

पुढचे हुद्दे होगुन आणि देहोगुन. हे सैन्यातले हुद्दे आहेत. यॉंगशिल घड्याळं बनवत होता, छपाईचे खिळे ओतण्याच्या कामात होता, 1438 मध्ये ग्यॉंगसांग प्रांतात तांबं, लोखंड आणि शिसं काढण्यावर देखरेख करत होता, आणि कागदोपत्री तो रक्षकदलाचा अधिकारी होता. मुलकी शिडीवर त्याला पाय ठेवता येत नव्हता म्हणून राजाने शेजारच्या शिडीवर चढवला. देहोगुन म्हणजे तिसऱ्या श्रेणीतला कनिष्ठ. तिसऱ्या श्रेणीच्या वरच्या थरापासून पुढच्यांना 'दांगसांग' म्हणत, सभागृहात वर बसण्याचा मान असलेले. धोरण तिथे ठरे. त्या रेषेच्या खाली तो थांबला.

ज्या कामासाठी एवढं चाललं होतं ते काम काय होतं, हे इथे सांगायलाच हवं, कारण त्यावाचून पुढचा अन्याय नीट मोजता येत नाही. राजधानीची दारं टोल्यांवर चालत. रात्री 28 टोले, दारं बंद. पहाटे 33 टोले, दारं उघडी. वेळ जलघड्याळावरून, आणि ते वाचणारा माणूस. त्याला डुलकी लागली किंवा घड्याळातली काठी चुकीची वाचली तर शहर चुकीच्या वेळी उघडे आणि त्या माणसाला जबर शिक्षा होई. घड्याळाने माणसाशिवाय टोले द्यावेत ही मागणी त्यातून आली.

आपल्याकडच्या लग्नातलं घटिकापात्र भरतं आणि बुडतं. इथे उलट: वरच्या भांड्यांतून पाणी टप्प्याटप्प्याने खाली येतं आणि उंच नळकांड्यात साचत जातं, त्यावर तरंगणारी काठी वर चढते. वरची भांडी एकापेक्षा जास्त असण्याचं कारण साधं आहे. एकच भांडं असेल तर पाणी उतरेल तसा दाब घटतो, धार मंदावते आणि घड्याळ मागे पडत जातं. मधल्या भांड्यांमुळे शेवटच्या भांड्यातली पातळी जवळपास स्थिर राहते. तरी कटकटी उरतातच. थंडीत पाणी दाट होऊन सावकाश वाहतं, गाळाने नळी तुंबते. आणि रात्रीचे पाच प्रहर, प्रत्येकाचे पाच भाग, हे ऋतूप्रमाणे लांबी बदलणारे, म्हणून रात्रीच्या काठ्या ऋतूनुसार बदलाव्या लागतात.

यॉंगशिलचं खरं कसब त्याच्या पुढच्या भागात आहे. वर चढणारी काठी एक खिटी उचलते, तिथला छोटा तांब्याचा गोळा सुटतो. दिवस-रात्रीच्या 12 तासांसाठी (त्यांचा तास आपल्या दोन तासांचा) 12 गोळे, रात्रीच्या भागांसाठी 25. तरंगत्या काठीत एवढी ताकद कुठून असणार की ती घंटा वाजवेल? ती फक्त गोळीएवढा गोळा सोडू शकते. तो घरंगळत जाऊन कोंबडीच्या अंड्याएवढा लोखंडी गोळा सोडतो, आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर तरफा हलतात. लाकडी बाहुल्यांपैकी एक घंटा वाजवते, एक ढोल, एक झांज: तासाला घंटा, प्रहराला ढोल, प्रहराच्या भागाला झांज. एक बारीक इशारा दोन टप्प्यांत मोठा करायचा, ही त्यातली कल्पना. एक गोळा मध्येच अडकला की त्या वेळेचा टोला गेला. पडलेले गोळे रोज पुन्हा वर भरायचे, खिट्या तपासायच्या. 1434 च्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून ग्यॉंगबोकगुंग राजवाड्यातलं हे यंत्र राज्याची अधिकृत वेळ झालं. युआनच्या दरबारात असं यंत्र होतं म्हणतात, पण ते याच्याइतकं काटेकोर नसावं, असं सेजोंग स्वतः म्हणाला होता.

आणि मग 1442. तिसऱ्या महिन्यात राजाची पालखी मोडते. देखरेख देहोगुन जांग यॉंगशिलची. राजा तिच्यातून पडल्याचा उल्लेख कुठेही नाही, तो मालिकांनी घातलेला मसाला. तेव्हाचा फौजदारी कायदा म्हणजे मिंग चीनची संहिता. राजाच्या प्रवासाची नाव पक्की न बांधणं हे तिथे 'महा-अनादर' या गटात येतं, म्हणजे हयगय हाच अपमान. चौकशी खात्याने चौथ्या महिन्यात शिफारस केली. यॉंगशिलला 100 फटके. बांधकामावरचे दोघे, इम ह्योदोन आणि छ्वे ह्योनाम, यांनी लोखंडी जोडकाम कच्चं ठेवलं म्हणून 80. आणि जो सुनसेंग नावाच्या चौथ्या माणसाला 80, कारण पालखीतली कच्ची जागा त्याला दिसली होती आणि तरीही त्याने यॉंगशिलला सांगितलं होतं, 'मुळीच मोडणार नाही.'

राजाचा निकाल असा. यॉंगशिलची शिक्षा दोन पायऱ्या कमी, म्हणजे 80. ह्योदोन आणि ह्योनामची एक पायरी कमी, म्हणजे 70. जो सुनसेंग, जो यॉंगशिलसारखाच देहोगुन होता, त्याला काहीच नाही.

कच्ची जागा पाहून खात्री देणारा सुटला आणि त्या खात्रीवर विसंबलेला मार खाणार ठरला. पाचव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी राजाने पुन्हा ज्येष्ठांना विचारलं, त्यांत ह्वांग हुई होता, नऊ वर्षांपूर्वी 'यॉंगशिललाच का नको' म्हणणारा. ज्येष्ठांचं मत: प्रश्न राजाच्या अनादराचा आहे, नेमणूकपत्रं काढून घ्यावीत, फटके मारावेत, म्हणजे इतरांना धडा मिळेल. राजाने मान्य केलं. यानंतर सिलोकमध्ये जांग यॉंगशिलच्या चाकरीची नोंद नाही. मृत्यूचं साल नाही. आसानमध्ये त्याची समाधी आहे, ती रिकामी.

त्यानंतर बरोब्बर पाच दिवसांनी, त्याच महिन्याच्या आठव्या दिवशी, दरबाराने पर्जन्यमापकाची मापं ठरवून दिली: खोली 1 छक 5 छोन, व्यास 7 छोन, म्हणजे साधारण 31 आणि 14 सेंटिमीटर. हा शोध लोक सर्रास यॉंगशिलच्या नावावर टाकतात. सिलोक मात्र राजपुत्राने तांब्याच्या भांड्यात पाऊस मोजल्याचं सांगतो. न केलेल्या कामाचं श्रेय देऊन, केलेल्या कामाची वागणूक झाकायची, असा हा प्रकार.

एक प्रसिद्ध युक्तिवाद असा की सेजोंगने त्याला मुद्दाम दूर केलं, खगोलयंत्रांची बातमी मिंग दरबाराला लागू नये आणि यॉंगशिलचा जीव वाचावा म्हणून. याला कागदाचा आधार नाही. राजा चांगला होता हे आधी ठरवून टाकलं की अशा कथा रचाव्या लागतात.

यावर गंभीर आक्षेप एकच आहे आणि तो मला मान्य आहे. दुसरा राजा असता तर यॉंगशिल दोंगनेत भाले दुरुस्त करत मेला असता. सेजोंगने सरकारी गुलाम स्त्रियांना बाळंतपणासाठी 100 दिवसांची रजा दिली (1426), नंतर प्रसूतीपूर्वी महिनाभर आणि नवऱ्यालाही 30 दिवस दिले. माणूस कोत्या मनाचा नव्हता. पण ही सगळी मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी ज्या दिवशी मिळते त्या दिवसापुरती असते. यॉंगशिलच्या बरोबरीने काम करणारे दोघे पाहा. यी छन हा सैनिकी परीक्षा पास झालेला सेनानी, खिळे ओतण्याच्या कामाचा प्रमुख. यी सुनजी हा 1427 चा मुलकी परीक्षा उत्तीर्ण, खगोलगणिती. दोघांची कारकीर्द शेवटपर्यंत नोंदलेली आहे, दोघांना मरणोत्तर सन्माननामं मिळाली. चुका त्यांच्याही झाल्या असतील. पण त्यांच्या मागे घराणं होतं, परीक्षेची वर्षाची तुकडी होती, सासरे-मेहुणे होते, दरबारात अर्ज करणारी माणसं होती. यॉंगशिलच्या मागे एक राजा होता. तो गप्प बसला की मागे कोणीच नाही.

आणि नुकसान एकट्याचं झालं नाही. 1455 मध्ये, बसवल्यानंतर 21 वर्षांनी, त्या घड्याळाची स्वयंचलित यंत्रणा बंद करावी लागली. बिघाड झाला आणि दुरुस्त करणारा नव्हता. ती परत चालू झाली 1469 मध्ये. राज्याने घड्याळ मिळवलं, पण घड्याळजींचं खातं उभारलं नाही, कारण ज्ञान एका मर्जीतल्या माणसाच्या हातात ठेवलं होतं आणि त्या माणसालाच घालवलं. 2021 मध्ये सोलच्या इन्सादोंगमध्ये खोदकामात छपाईच्या सुमारे 1,600 धातूच्या खिळ्यांबरोबर अशा जलघड्याळाचे गोळे सोडणाऱ्या यंत्रणेचे तुकडेही सापडले, तेव्हा तज्ज्ञांना पहिल्यांदा खरा भाग हातात घेऊन जुन्या वर्णनाशी ताडता आला. त्याआधी 2007 मध्ये उभारलेली प्रतिकृती मुख्यतः लिखित वर्णनावरून होती.

दक्षिण कोरियात गेली दहाएक वर्षं 'सोन्याचा चमचा' आणि 'मातीचा चमचा' हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत: कोण कोणत्या घरात जन्मला त्यावर आयुष्य ठरतं. 2009 मध्ये विधी महाविद्यालयांची नवी पद्धत सुरू झाली आणि 2017 मध्ये जुनी न्यायिक परीक्षा संपली, तेव्हा 'ओढ्यातून ड्रॅगन निघायची', म्हणजे गरीब घरातल्याने मोठं व्हायची, 'शेवटची वाट बंद केली' असा ओरडा झाला. त्या वादात कोणाचं बरोबर, हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण ओढ्यातला ड्रॅगन म्हणून यॉंगशिलला पुढे करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तो ओढ्यातून निघालाच नव्हता, त्याला हात धरून बाहेर काढलं होतं आणि ओढ्यावरचं झाकण त्याच्या बढतीच्या दीड वर्ष आधीच पुन्हा बसवलं होतं.

मागणी मोठी नाही. पाठ्यपुस्तकात 1433 च्या बढतीसमोरच्या पानावर 1432 चा दर्जाचा निर्णय छापावा. आणि घड्याळाच्या चित्राखाली पालखीच्या निकालाचं छोटं कोष्टक द्यावं, चार नावं आणि चार आकडे: 80, 70, 70 आणि शून्य. वर्गातली पोरं शून्यासमोरचं नाव वाचून 'हा कसा सुटला?' असं विचारतीलच.